वाटेत काहीतरी आहे

रहिमतपूर,
१२ फेब्रुवारी १९७८

चि. कृष्णातास आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तिकडं परदेशात तळं गोठून त्यावरनं माणसं चालत्यात, हे वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "पोराला म्हणावं, तू नको जाऊस त्यावरनं." तेवढं ऐक त्यांचं.

आता एक विचारायचं हाय. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईचं ट्रेनिंग असतंय, दोन वर्सांचं. राहायची सोय तिथंच. सातवी पास चालती. वय पस्तिसाच्या आत पायजे, मला तेहतिसावं चालू हाय. जवानांच्या विधवांसाठी दोन जागा राखीव हायत. बालवाडीच्या चंद्राबाईंनी सांगितलं, म्हणून मी चौकशीला जाऊन आले. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. कागद बघितला आणि म्हणाल्या, "यात तर बेपत्ता लिहिलंय. तुम्ही विधवा आहात की नाही?" मी कागद घेऊन परत आले.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तुझे दाजी सरहद्दीवर गेले ते गेलेच. तवापासनं सरकारी कागदावर त्यो एकच शब्द हाय. वकील म्हणतो, सात वर्सं खबर लागली न्हाई तर कोर्ट माणूस गेला असं धरतंय. या डिसेंबरात सात वर्सं भरत्यात. अर्ज मी करायचा, साक्ष सासूबाईंनी द्यायची. त्यांच्याजवळ मी अजून तोंड उघडलेलं न्हाई. दाजींच्याच पलटणीतला इस्लामपूरचा केरू लढाईत कैद होऊन परत आला, त्यानं तिकडच्या तुरुंगात भिंतीपलीकडनं मराठी आवाज ऐकला म्हणं. सासूबाई त्यावर जगत्यात. सारख्या यष्टीनं इस्लामपूरला जात्यात आणि त्याच्या तोंडनं तेच पुन्हा ऐकून येत्यात.

आईबापामागं मला विचारायला तूच हाईस. शिकलेला हाईस. काय करू?

तुझी,
आक्का

*

१८ मे १९७८

ती. आक्कास कृष्णातचा नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला. तुझं पत्र दोनदा मनात वाचलं आणि एकदा खोलीत मोठ्यानं वाचलं, आपलं बोलणं कानावर पडावं म्हणून. इथं मला सगळे क्रिस म्हणतात. माझं नाव पूर्ण घेणारं या गावात कुणी नाही.

आधी माझं काम सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं. जानेवारीत एक उपग्रह सोडला, त्यावर दुर्बीण आहे. प्रकाशात जांभळ्याच्या पलीकडचा एक भाग असतो, अतिनील. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि ताऱ्यांकडून येतो त्यातला बहुतेक आपल्या हवेतच अडतो. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागली. ताऱ्याचा उजेड आम्ही पट्टीसारखा पसरून बघतो. त्या पट्टीत मधेच काळी खाच दिसते, म्हणजे तेवढा उजेड वाटेत कुणीतरी खाल्लेला असतो. कुठला भाग गेला त्यावरून खाणारा कोण ते कळतं. मी ज्या खाचेच्या मागे आहे ती कार्बनची, म्हणजे कोळसा ज्याचा बनतो त्याची. पण हा लाखभर अंशांपर्यंत तापलेला, अंगावरचे कण झडलेला कार्बन.

आपली आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांची एक भाकरी समज. तिच्या वरखाली नुसती पोकळी दिसते. पण तिथं तापलेल्या वायूचं मोठं आवरण असणार, असा अंदाज वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी मांडला. पाहिलं कुणीच नाही. तो वायू इतका विरळ असणार, की लाख अंशांचा असूनही त्यात हात धरला तर ऊब लागायची नाही, हात गारठूनच जाईल.

आणि गेल्या महिन्यात, भाकरीच्या बऱ्याच वर असलेल्या एका ताऱ्याच्या पट्टीत मला ती खाच दिसली. जिथं पाहिजे तिथंच! वाटेत काहीतरी आहे, आक्का.

म्हणून सांगतो, घाई करू नकोस. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. दाजींचा देह कुणी पाहिलेला नाही आणि केरूनं आवाज ऐकला आहे. सात वर्षं हा कायद्याचा आकडा झाला. घर म्हटलं की तू आणि तुझ्या सासू दगडाबाई आत्या ओट्यावर बसून वाट बघताय हेच माझ्या डोळ्यांपुढं येतं. त्यावर माझे इथले दिवस जातात. ते मोडू नये असं वाटतं.

तुझा,
कृष्णात

*

रहिमतपूर,
२ जुलै १९७८

चि. कृष्णातास आशीर्वाद.

तू एवढासा हुतास तवापासनं मला तुझा राग कधी आला न्हवता. तुझं हे पत्र वाचून आला. दोन दिवस लिहायलाच बसले न्हाई.

ओट्यावर दोघी बसलेल्या तुला बऱ्या दिसत्यात. त्या ओट्यावर कवातरी बसून बघ. कुणाच्या घरी ओटी भरायची असली की बायका माझ्यापाशी येऊन थांबत्यात, एकमेकींच्या तोंडाकडं बघत्यात आणि पुढं जात्यात. मला सवाष्ण म्हणायची त्यांना भीती वाटती आणि विधवा म्हणायची लाज. तुझ्या वायूनं उजेड खाल्ला की तू त्याला पुरावा म्हणतोस. माझी सात वर्सं खाल्ली, त्याला मी काय म्हणू?

तरी तू केरूचं लिहिलंस म्हणून मी त्याला भेटायला गेले. सासूबाईंना सांगितलं की मलकापूरला जाऊन येते. त्यो आता साखर कारखान्यात कामाला हाय. मला बघून उभाच राहिला. मी म्हणलं, "केरूभाऊ, मला खरं सांगा. तुमी काय ऐकलं?"

मला बाजूला सावलीत नेलं. मग म्हणाला, "वैनी, आवाज ऐकला ही शप्पत खरं. भिंतीपलीकडं कुणीतरी कण्हत हुतं. मला वाटलं 'आई गं' म्हणलं. पर वैनी, तवा आपली भाषा ऐकून मला वरीस होत आलं हुतं. थाळी पडली तरी त्यो आवाज मराठी वाटायचा."

"मग सासूबाईंना तसं का सांगितलं?"

"पहिल्यांदा खरंच वाटलं हुतं. मग त्या परत आल्या. परत आल्या. त्यांच्या तोंडाकडं बघून न्हाई म्हणवंना झालं."

मला त्याच्यावर रागवता आलं न्हाई. त्यानं मला च्या पाजला आणि यष्टीत बसवून दिलं. घरी येऊन मी सासूबाईंना काही बोलले न्हाई. त्या दुसऱ्याच आठवड्यात इस्लामपूरला जाऊन आल्या. त्यानं त्यांना पुन्हा तेच सांगितलं असंल.

आता तुला वाटंल ते लिही. न लिहिलंस तरी चालंल.

आक्का

*

१० ऑक्टोबर १९७८

ती. आक्कास नमस्कार.

केरूचं वाचलं आणि पत्र खाली ठेवून बाहेर फिरून आलो.

माझी खाच खोटी निघाली. खोटी म्हणजे खाच आहे, पण मी म्हणत होतो त्याची नाही. ऑगस्टात मी सगळ्यांपुढं ते काम मांडलं. आमचे मोठे प्रोफेसर शेवटपर्यंत शांत बसून होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तो तारा स्वतः किती वेगानं चालला आहे?" मी तो हिशेब केलेलाच नव्हता. केला तेव्हा दिसलं, की तारा जितका सरकतोय तितकीच खाचही सरकलेली आहे. म्हणजे तो वायू वाटेतला नव्हताच. तो त्या ताऱ्याच्या स्वतःच्या अंगाभोवतीचा होता, त्यानंच तापवलेला. त्यापलीकडं, आपल्या नि ताऱ्याच्या मधे काही आहे की नाही, त्याबद्दल तो तारा एक अक्षर सांगत नव्हता.

कुणी हसलं नाही. प्रोफेसरांनी पाठीवर हात ठेवला. पण आक्का, हा हिशेब मला शिकवलेला होता. मी केला नाही, कारण मला ती खाच पाहिजे होती. इतक्या लांब येऊन काहीतरी सापडायलाच पाहिजे होतं. केरूच्या थाळीसारखंच झालं बघ.

तुला लिहिलं तेही तसंच. दाजींबद्दल मी तुला जे सांगितलं त्यात दाजी नव्हते, मीच होतो. मला घरी कुणीतरी वाट बघत बसलेलं पाहिजे होतं. तू अर्ज कर. सांगलीला जा. आत्यांना कसं सांगायचं ते मला सुचत नाही, आणि ते तुझ्या एकटीवर पडतंय.

इथं पानं गळायला लागली आहेत. मी बरा आहे.

कृष्णात

*

रहिमतपूर,
२८ जानेवारी १९७९

चि. कृष्णातास आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं माझा राग गेला. गेला तवा कळलं, त्याची मला किती सोबत हुती. आता नुसतं रितं वाटतंय.

अर्ज केला. त्याच्या आधी सासूबाईंना सांगितलं. आमी दोघी पावटा सोलत बसलो हुतो. मी म्हणलं, "आत्याबाई, मला सांगलीला शिकायला जायाचंय. त्यासाठी कोर्टाचा कागद लागतोय." कसला कागद त्येबी सांगितलं. त्यांचा हात थांबला न्हाई. एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाल्या, "सांगलीला जाणार म्हंजे मला सोडून जाणार."

"व्हय."

"मग तसं सांगून जा की. त्याला कशाला मारतीस?"

त्या उठून आत गेल्या. त्यानंतर लय दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. शेळीशी बोलायच्या. "ऊन झालं, आत चल बाई," असं शेळीला म्हणायच्या आणि मी आत जायचं. जेवण मी वाढायचे, त्या खायच्या. मला वाटलं आता हे मोडलंच. अर्ज मागं घ्यावा असंबी मनात आलं.

आणि परवा भांडी घासताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "साक्षीला कवा जायाचं ते आधी सांग. लुगडं धुवून ठेवाय पायजे."

एवढंच. का बदलल्या ते मी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर पुन्हा फिरल्या असत्या.

तुझं काय चाललंय ते लिही. नुसतं बरा आहे म्हणून लिहू नको.

आक्का

*

२५ एप्रिल १९७९

ती. आक्कास नमस्कार.

तू म्हणालीस म्हणून सगळं लिहितो.

माझी खाच खोटी ठरल्यापासून मी दुसऱ्यांच्या हाताखाली काम करतोय. आमच्या गटानं आता जवळचे तारे सोडून लांबचा तारा धरला. आपल्या भाकरीच्या शेजारी एक छोटी आकाशगंगा आहे, तिच्यातला. ती दक्षिणेकडं आहे, आपल्या गावातून दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. ती आपल्यापासून सेकंदाला पावणेतीनशे किलोमीटर वेगानं लांब चाललेली दिसते. त्यामुळं तिथल्या वायूची खाच पट्टीवर तेवढी पुढं सरकते, आणि आपल्याकडच्या वायूची मात्र जागेवर राहते. दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत. यावेळी फसायला जागा नव्हती.

उपग्रहाच्या केंद्रावर मला पाठवलं होतं. दिवसाढवळ्या, खिडकी नसलेल्या खोलीत आपण तारे बघतो. तासन् तास दुर्बीण तिकडं लावून ठेवायची आणि मग पडद्यावर पट्टी उमटते. ती उमटली. एक खाच पुढं, त्या आकाशगंगेची. आणि एक अलीकडं, आपली. तापलेल्या कार्बनचीच, जागेवरच, पण बारीक रेघ नव्हे, तर रुंद, ओढल्यासारखी. म्हणजे तो वायू भाकरीला चिकटून नाही, वर लांबपर्यंत पसरलेला आहे. आपण सगळे त्याच्या आत आहोत. अशी कामं दुसऱ्या गटांचीही चालू आहेत. त्यांचं बहुधा आधी छापून येईल, आणि आमच्या लेखात माझं नाव तिसरं असेल. ते योग्यच आहे.

खोलीतली माणसं हात मिळवून आपापल्या घरी गेली. मीही परत आलो. घरमालकीण म्हातारी आहे, ती जिन्यात भेटली. मला कुणालातरी सांगायचंच होतं. म्हटलं, "बाई, आज एक गोष्ट सापडली." ती म्हणाली, "बरं झालं. किल्ली का?" मी हो म्हणालो. मग खोलीत जाऊन आमटी-भात केला आणि उभ्यानंच खाल्ला.

तू सांग म्हणालीस, म्हणून सांगितलं. कोर्टाची तारीख लागली का?

कृष्णात

*

रहिमतपूर,
१५ जुलै १९७९

चि. कृष्णातास आशीर्वाद.

आपली खाच जागेवर सापडली हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "किल्ली न्हवं म्हणून सांगायचं हुतंस त्या बाईला." खरंच, का रं सांगितलं न्हाईस?

कोर्टाचं झालं. साताऱ्याला आमी दोघीच गेलो. पहिल्यांदा माझा जबाब. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" लग्नापासनं मी ते कधी उच्चारलं न्हवतं. वकील पुढं होऊन सांगणार हुता, तेवढ्यात माझ्याच तोंडातनं आलं, "जोतिबा." लय मोठ्यानं आलं. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मग त्यांना उभं केलं. न्यायाधीश तरणे हुते, सांभाळून विचारत हुते. "आजी, सात वर्षांत तुमच्या मुलाची काही खबर? पत्र? निरोप? कुणी पाहिल्याचं?"

मला वाटलं, आता केरूचं नाव निघणार. वकिलालाबी तीच भीती हुती. सासूबाई कठड्याला धरून उभ्या हुत्या. म्हणाल्या, "न्हाई."

"कुणाच्या तोंडून काही ऐकलं?"

"न्हाई बाबा. काय बी न्हाई." आणि मग त्याला म्हणाल्या, "लिव. आईनं सांगितलं म्हणून लिव."

त्यांनी लिहिलं.

नंतर यष्टी स्टँडवर बाकावर बसलो. मी म्हणलं, "आत्याबाई, केरूचं तुमी सांगितलं न्हाईत."

"त्यात सांगण्यासारखं काय हुतं? त्याला कुठं काय ऐकू आलं हुतं? मला पहिल्याच दिशी कळलं."

मी विचारलं, "मग इतकी वर्सं तुमी इस्लामपूरला कशाला जात हुता?"

त्या म्हणाल्या, "त्यो पोरगा जोतिबा म्हणून नाव घ्यायचा. 'जोतिबा आसा, जोतिबा तसा.' गावात कोण घेतंय आता त्याचं नाव? आपल्या घरात तू घेत न्हाईस. मी एकटीनं किती घ्यायचं? आज तू घेतलंस. लय बरं वाटलं."

गाडी लागली तशा उठल्या. चढताना म्हणाल्या, "खबर न्हाई म्हणून सांगितलं, त्ये खरंच हाय. मी घर सोडून मातूर कुठं येणार न्हाई. तू जा."

निकाल आला की ऑगस्टात सांगलीला हजर व्हायचं हाय.

आक्का

*

३० ऑगस्ट १९७९

ती. आक्कास नमस्कार.

हे पत्र सांगलीच्या पत्त्यावर टाकतोय. तिथं तुझ्या नावानं येणारं हे पहिलंच पत्र असेल.

तुला राग येईल असं एक सांगतो. दिवाळीला येईन असं मधल्या कार्डात कळवलं होतं, ते होणार नाही. मला इथं आणखी दोन वर्षं काम मिळालंय आणि मी ते घेतलं. आपण या तापलेल्या वायूच्या आत आहोत एवढंच कळलंय. तो आला कुठून, तापवतो कोण, इतर आकाशगंगांभोवतीही तो आहे का, सगळंच राहिलंय. ते टाकून येववत नाही. आणि खरं सांगायचं तर आता घरी आलो तर ओट्यावर तू नसणार. सवय व्हायला मलाही वेळ लागेल.

घरमालकिणीला परवा नीट सांगितलं, किल्ली नव्हती म्हणून. तिनं बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. माझं नावही विचारलं, पूर्ण. तिला ते म्हणता येत नाही, पण रोज जिन्यात प्रयत्न करते.

आत्या एकट्या आहेत. त्यांच्याकडं कोण बघतं? आणि तू कशी आहेस? नुसतं बरी आहे म्हणून लिहू नकोस.

कृष्णात

*

सांगली,
११ नोव्हेंबर १९७९

चि. कृष्णातास आशीर्वाद.

राग आला न्हाई. दोन वर्सं राहा. मीबी दोन वर्सं इथंच हाय.

मी कशी हाय ते सांगते. इथं माझ्या खोलीत तिघीजणी हायत, सगळ्या माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्सांनी लहान. मला मावशी म्हणत्यात. मी राखीव जागेवर आलेली, आणि कपाळावर कुंकू. निकाल लागला तवा मी पुसायला घेतलं हुतं, तर सासूबाईंनी हात धरला. "कागदावरनं पुसलंय तेवढं बास," म्हणाल्या. म्हणून तशीच आले. पोरी त्याच्याकडं बघायच्या.

मागल्या महिन्यात वॉर्डात एक म्हातारा गेला. त्याची बायको आली, उशाशी बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. नाव घेऊन रडत हुती. कुणी तिला गप केलं न्हाई. मी चादर धरून उभी हुते आणि मला त्या बाईचा हेवा वाटला. कामाची पाळी संपल्यावर नळावर जाऊन मी तोंड धुतलं आणि कुंकूबी धुतलं. कुणी सांगितलं म्हणून न्हाई. मग तिथंच खाली बसले आणि तुझ्या दाजींसाठी रडले. आठ वर्सं होत आली कृष्णात, मी एकदाबी रडले न्हवते. वाट बघणाऱ्या बाईनं रडू नये, अपशकुन हुतो, असं समदी म्हणायची. त्या तिघी पोरी येऊन माझ्याजवळ बसल्या. एकीनं नुसता पदर धरून ठेवला.

दिवाळीला दोन दिस सुट्टी मिळाली. घरी गेले. दारातच सासूबाईंनी माझ्या कपाळाकडं बघितलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी भाकरी वाढली, जवळ बसल्या, मी खाईपर्यंत बघत राहिल्या. शेजारची अंजना सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडं डोकावून जाती, त्याची काळजी करू नको. पण घर लय गप झालंय. शेळीबी विकली त्यांनी.

जेवण झाल्यावर हळूच विचारलं, "रडलीस?"

"व्हय, आत्याबाई."

"बरं वाटलं?"

"वाटलं."

त्यांनी माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मला अजून रडू येईना गं."

मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

तुझी,
आक्का